दबा धरून बसलेला ताप

स्टँडवर काचेच्या आठ-दहा बारीक नळ्या ओळीने उभ्या आहेत. पहिलीत रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, वीसपट पातळ करून घातलेलं. दुसरीत चाळीसपट, तिसरीत ऐंशीपट, पुढे १६०, ३२०, ६४० अशी पातळाई दर नळीला दुप्पट होत गेलेली. प्रत्येक नळीत मारलेल्या ब्रुसेला जंतूंचं गढूळ द्रावण मिसळून स्टँड ३७ अंशांच्या उबेत ठेवून दिला जातो. दुसऱ्या दिवशी नळ्या उजेडासमोर धरून बघायच्या. रक्तात या जंतूला ओळखणारी प्रतिपिंडं असतील, तर जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. नसतील, तर गढूळपणा तसाच राहतो.

आता या नळ्या पाहा. पहिली गढूळ. दुसरी गढूळ. तिसरीही गढूळ. चौथी मात्र लख्ख, पाचवी लख्ख, सहावीसुद्धा. सीरम दाट होतं तिथे काहीच नाही, आणि पातळ होत गेलं तसतसा आजार दिसायला लागला!

प्रतिपिंडाला निदान दोन हात असतात. एका हाताने एक जंतू, दुसऱ्याने दुसरा, अशी साखळी जुळली की गुठळी होते. पण सीरममध्ये प्रतिपिंडांची इतकी गर्दी असली, की प्रत्येक जंतूच्या अंगावरची प्रत्येक जागा आधीच कुणीतरी धरलेली, तर दुसऱ्या हाताला धरायला काही उरतच नाही. जंतू सुटेच राहतात, नळी गढूळच राहते. त्यात या आजारात काही प्रतिपिंडं अशीही निघतात की जी जंतूला धरतात पण दुसऱ्याशी जोडत नाहीत. पाणी मिसळून गर्दी कमी केली, की गुठळ्या व्हायला लागतात. तिसऱ्या नळीवर थांबणारा तंत्रज्ञ ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होईल. आणि गंमत अशी, की रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं जितकी जास्त, तितकी ही फसगत होण्याची शक्यता जास्त.

ब्रुसेलोसिस हा ब्रुसेलाचा आजार पहिल्यापासून असाच आहे. ज्या जागी तो ठळक दिसायला हवा, नेमका तिथेच दिसत नाही.

माल्टाच्या बेटावर हे अनुभवलं ते ब्रिटिश सैन्याने. एकोणिसाव्या शतकात तिथल्या छावणीतले आणि आरमारातले धडधाकट जवान एका विचित्र तापाने महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळत. ताप चढायचा, आठवडा-दोन आठवडे राहायचा, उतरायचा, माणूस उठून बसायचा आणि पुन्हा चढायचा. मरायचे थोडे, पण निकामी व्हायचे पुष्कळ. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून एक अतिशय बारीक जंतू वाढवून दाखवला. जंतू सापडला, नाव मिळालं. पण तो माणसात येतो कुठून, हे पुढची १८ वर्षं कुणालाच कळलं नाही. गटारांवर संशय घेतला, धुळीवर घेतला, पाण्यावर घेतला, डासांवर घेतला. १९०४ मध्ये त्यासाठी खास आयोग नेमला. ब्रूस त्याचा प्रमुख होता.

माल्टात तेव्हा दूध विकायची रीत मोठी सोयीची होती. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गावातून फिरायचा, दारात थांबायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून भांडं भरून द्यायचा. पाणी घातल्याची शंकाच नको. शेळ्याही कशा, तर काळ्याभोर डोळ्यांच्या, चांगल्या चरलेल्या, कास भरलेल्या. त्यांच्यावर संशय यावा असं त्यांच्यात काहीही नव्हतं.

आयोगात थेमिस्टोक्लिस झॅमिट हा माल्टाचाच डॉक्टर होता. जून १९०५ मध्ये त्याला शेळ्यांवर एक प्रयोग करायचा होता: त्यांना हा जंतू द्यायचा आणि त्या आजारी पडतात का ते पाहायचं. प्रयोगापूर्वी शेळ्या निरोगी आहेत याची खातरजमा म्हणून त्याने त्यांचं रक्त तपासलं. सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्ताने जंतूंच्या गुठळ्या केल्या. ज्या आजाराची बाधा करून पाहायची, तो त्यांच्या अंगात आधीपासूनच होता! मग बेटावरच्या आणखी शेळ्या तपासल्या. मोठ्या संख्येने शेळ्या बाधित निघाल्या आणि साधारण दहांत एका शेळीच्या दुधातून तर जिवंत जंतू बाहेर पडत होता. शेळी खात होती, पीत होती, दूध देत होती. फक्त अधूनमधून एखादीचा गाभ पडायचा, आणि तेवढ्याकडे कोण लक्ष देतो?

त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्यांचा एक कळप अमेरिकेला निघाला होता. ‘जोशुआ निकोल्सन’ नावाच्या बोटीवरच्या खलाशांना वाटेत ताजं दूध फुकट मिळालं आणि ते पिणाऱ्यांपैकी बरेच जण तापाने पडले. असा प्रयोग मुद्दाम कुणी केला नसता. १९०६ मध्ये छावणीत आणि आरमारात शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांचा ताप वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. माल्टाच्या सामान्य माणसांचा मात्र झाला नाही. हुकूम सैन्यापुरता होता, आणि कळप दारोदार फिरतच राहिले. शोध लागणं वेगळं आणि त्याचा फायदा कुणाला होणार हे ठरणं वेगळं. झॅमिट पुढे पुरातत्त्वाकडे वळला आणि त्याने तार्शियनची प्रागैतिहासिक मंदिरं खणून काढली; हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल जास्तच आदर वाटायला लागला.

शेळीचा जंतू आणि गायीचा जंतू हे चुलत भाऊ आहेत, हे कळायला आणखी एक तप गेलं. गायींचा गाभ पाडणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने १८९७ मध्येच शोधला होता. तो जनावरांच्या डॉक्टरांचा विषय, माल्टाचा ताप माणसांच्या डॉक्टरांचा. दोघांची पुस्तकं वेगळी, बैठका वेगळ्या. अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्सने दोन्ही जंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि १९१८ मध्ये छापून टाकलं, की हे दोघे जवळजवळ सारखेच आहेत, तेव्हा गायीचं कच्चं दूधही धोक्याचं असणार. तिच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. बाई, त्यात डॉक्टरेट नाही, आणि म्हणणं दुग्धव्यवसायाला न परवडणारं. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिलाच या जंतूची बाधा झाली. पुढची वीसेक वर्षं ती अधूनमधून आजारी पडत राहिली, आणि मधला काही काळ डॉक्टर तिला सांगत राहिले की तुमच्या नसा कमकुवत आहेत, बाकी काही नाही. ज्या आजाराचं कोडं तिने सोडवलं, त्याच आजारात तिलाच ‘मनाचं दुखणं’ ठरवलं गेलं.

डॉक्टरांची ही चूक का होते, ते जंतूच्या स्वभावात आहे.

आपल्या ओळखीचे रोगजंतू बहुधा आदळआपट करणारे असतात. कुणी विष सोडतो, कुणी पेशी फोडतो. ब्रुसेलाकडे यातलं काही नाही. घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या जंतूसारखं विष नाही, अंगावर संरक्षक कवच नाही, प्रतिकूल काळात टिकायला बीजाणू नाहीत. त्याच्या बाहेरच्या आवरणातले रेणूसुद्धा असे, की आपल्या प्रतिकारयंत्रणेला त्यांची चाहूल उशिरा आणि अंधुक लागते. शरीरातल्या महाभक्षी पेशी जंतू गिळून त्यांना आम्लाच्या पिशवीत घालतात आणि पचवतात. ब्रुसेलाला त्या गिळतात तेव्हा तो आनंदाने स्वतःला गिळू देतो. पिशवी आम्ल होते, आणि बहुतेक जंतू मरतात तिथे हा आपली यंत्रणा सुरू करतो: एका सूक्ष्म नळीतून पेशीच्या आत स्वतःची प्रथिनं सोडतो, पचनाच्या पिशव्यांना आपल्यापासून लांब ठेवतो आणि पेशी जिथे स्वतःची प्रथिनं बनवते त्या भागात जाऊन मुक्काम करतो. तिथे सावकाश वाढतो. म्हणजे पोलिसांची गाडी चोरून तो पोलीस ठाण्यातच राहायला जातो. याच पेशींवर बसून तो यकृतात जातो, प्लीहेत जातो, अस्थिमज्जेत, मणक्यांत, वृषणांत जातो. म्हणूनच या आजारात काहीही दुखू शकतं.

जनावरांत त्याचं वागणं निराळं. गाय, शेळी, मेंढी, डुकरीण यांच्या गर्भाशयात गाभ असताना एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, आणि ती ब्रुसेलाला इतकी आवडते की एरवीचा हा मंद जंतू तिथे बेफाम वाढतो. पाचव्या-सातव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते, आणि त्या वारेत व पाण्यात जंतूंचा अक्षरशः पूर असतो. माणसात ही साखर तशी नसते; तरीही गरोदर बाईला हा ताप आला तर गर्भपाताचा धोका असतोच.

आता दवाखान्यात येऊ. रुग्ण काय घेऊन येतो? ताप, जो संध्याकाळी जास्त. कपडे बदलायला लावणारा घाम, ज्याला जुन्या पुस्तकांत ओल्या कुबट गवतासारखा वास असल्याचं लिहिलं आहे. कंबर धरलेली. गुडघा किंवा नितंबाचा सांधा सुजलेला. पुरुषांत कधी एका बाजूच्या अंडाची सूज. भूक नाही, वजन उतरलेलं, आणि एक अवघड खिन्नता, जी घरच्यांना तापापेक्षा जास्त घाबरवते. लागण झाल्यापासून हे सुरू व्हायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, पण पाच दिवसही लागू शकतात आणि सहा महिनेही. लाटेसारखा चढणारा-उतरणारा तो प्रसिद्ध आलेख आज फारसा दिसत नाही, कारण तिसऱ्या दिवशी माणसाने पॅरासिटॅमॉल आणि कसलीतरी अँटिबायोटिकची पाच दिवसांची पाकिटं सुरू केलेली असतात. पाकिटाने ताप थोडा दबतो, पंधरा दिवसांनी वर येतो.

आपल्याकडे मग टायफॉइडसाठीची विडाल होते. विडालची चाचणी ज्या गुठळ्यांच्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व आल्म्रोथ राइटने १८९७ मध्ये माल्टाच्या तापासाठी वापरलं होतं. पण आपल्याकडे तापाच्या प्रत्येक रुग्णाची विडाल होते आणि कधीतरी ती थोडीफार पॉझिटिव्ह येतेच. ‘टायफॉइड आहे’ असं ठरतं. त्यावर बरं वाटलं नाही, तर सांधेदुखी धरून संधिवात, आणि कंबर धरून मणक्याचा क्षय. हा शेवटचा घोटाळा महाराष्ट्रात फार स्वाभाविक आहे, कारण क्षय इथे खरोखरच पुष्कळ आहे. दोन्ही आजार मणका खातात. ढोबळमानाने क्षय पाठीच्या मधल्या मणक्यांना धरतो, मणका ढासळवतो, शेजारी पुवाचे मोठे साठे करतो. ब्रुसेला बहुधा कंबरेचे खालचे मणके धरतो, कडेच्या कोपऱ्याला कुरतडतो आणि मणक्याचा आकार बराच काळ टिकवून ठेवतो. पण ढोबळमान ते ढोबळमान. एमआरआयचं चित्र बघून पैज लावू नये.

या सगळ्या गोंधळात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी तपासणी फुकट असते. ती साधारण अशी होते:

“मावशी, घरी जनावरं आहेत?”

“एक गाय न् तीन शेरडं.”

“त्यांतलं कुणी गाभडलं होतं का यंदा?”

“शेरडू गाभडलं की, दिवाळीच्या आत. वार मीच वढून काढली न् पुरली.”

“हाताला काही गुंडाळलं होतं?”

“आता काय गुंडाळायचं?”

हातावरच्या बारीक चिरांतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून, श्वासातून आणि अर्थातच पोटातून हा जंतू शिरतो. म्हणून हा आजार पशुवैद्यांना होतो, जे अडकलेली वार काढायला खांद्यापर्यंत हात घालतात. धनगरांना होतो, खाटकांना होतो, गोठ्यात राबणाऱ्या बायकांना होतो. दुधाच्या बाबतीत आपल्या आयांनी आपल्याला नकळत मोठं संरक्षण दिलं आहे: दूध आलं की पहिलं ते गॅसवर. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद एवढ्याने ब्रुसेला मरतो, उकळी तर फारच पुढची गोष्ट. खरवसही वाफवलेला, त्यामुळे तिथेही चिंता नाही. अडचण निरशा दुधाची. तालमीत घडलेल्या पैलवानाला धारोष्ण दुधाचं महत्त्व सांगायला लागत नाही, आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळता पेला हातात मिळतो, तो मोह मलाही कळतो. माल्टाच्या लोकांनाही शेळी दारात पिळली जाताना पाहून हाच विश्वास वाटत होता. दूध भेसळीचं नाही हे डोळ्यांना दिसतं. जंतू आहे की नाही हे दिसत नाही.

संशय आला की पहिली चाचणी ‘रोझ बेंगाल’. पांढऱ्या टाइलवर सीरमचा थेंब, शेजारी गुलाबी रंगवलेल्या मृत जंतूंचा थेंब, काडीने दोन्ही मिसळायचे आणि टाइल हलवत राहायची. चार मिनिटांच्या आत गुलाबी कण दिसायला लागले तर पॉझिटिव्ह. द्रावण मुद्दाम आंबट ठेवतात, म्हणजे भलतीसलती प्रतिपिंडं उगाच गुठळ्या करत नाहीत. एवढ्या स्वस्त आणि झटपट चाचणीचं काम मात्र चाळणीपुरतं. त्यानंतर सुरुवातीला पाहिलेल्या नळ्या येतात. लक्षणं आहेत आणि १६० पट किंवा त्याहून पातळ सीरमनेही गुठळ्या झाल्या, तर ब्रुसेलोसिस मानायला बळकट आधार मिळतो. जिथे जनावरांत हा आजार भरपूर आहे तिथे काही डॉक्टर ३२० धरतात, कारण गोठ्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या रक्तात जुन्या भेटीच्या खुणा असतातच. जुनी खूण आणि ताजा आजार वेगळे करायला आणखी एक सुंदर युक्ती आहे: सीरममध्ये मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन घातलं की आयजीएम या पाच जोड्यांच्या अवजड प्रतिपिंडांचे तुकडे होतात आणि आयजीजी शाबूत राहतात. मग उरलेल्या गुठळ्या कुणाच्या ते कळतं, आणि आजार चालू आहे की मागे पडला याचा अंदाज बांधता येतो. फसवणारे शेजारीही आहेत. यर्सिनिया नावाच्या एका जंतूच्या एका प्रकाराचं आवरण ब्रुसेलाशी इतकं मिळतंजुळतं, की त्याची प्रतिपिंडं ब्रुसेलालाही चिकटतात.

पुरावा पक्का म्हणायचा तर जंतू रक्तातून वाढवून दाखवायला हवा. हा मंद जंतू पूर्वी बाटलीत तीन-तीन आठवडे वाट पाहायला लावायचा. आताच्या स्वयंचलित यंत्रांत बहुधा आठवड्याभरात कळतं. रक्तात नाही सापडला तर कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून वाढवतात, कारण तिथे तो जास्त प्रमाणात दडलेला असतो. आणि इथे गोष्ट डॉक्टरच्या टेबलावरून तंत्रज्ञाच्या टेबलावर जाते. कल्चरची प्लेट उघडून नाकाशी नेऊन वास घ्यायची जुनी सवय अनेकांना आहे, कारण काही जंतू वासावरून ओळखता येतात. ब्रुसेलाची प्लेट अशी हुंगली तर पुढच्या महिन्यात तंत्रज्ञच तापाने पडू शकतो. हवेतून दहा ते शंभर जंतू पुरेत. प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत हा जंतू फार पूर्वीपासून वरच्या क्रमांकावर आहे. त्यात जंतू ओळखण्याच्या तयार पट्ट्यांवर तो कधीकधी मोरॅक्सेला या निरुपद्रवी भासणाऱ्या जंतूच्या नावाने निघतो, आणि मग कुणी काळजीच घेत नाही. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर ‘ब्रुसेला?’ एवढं लिहिणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, कारण त्या एका शब्दावर तंत्रज्ञ काम बंदिस्त सुरक्षा-पेटीत नेतो आणि मास्क चढवतो.

उपचार ऐकायला सोपे आहेत. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. सोबत एक दुसरं औषध: एक तर रिफाम्पिसिनच्या गोळ्या तेवढेच सहा आठवडे, नाहीतर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन रोज एक, दोन ते तीन आठवडे. काही ठिकाणी स्ट्रेप्टोमायसिनऐवजी आठवडा-दहा दिवस जेंटामायसिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जे सुचवलं, त्याचा गाभा आजही हाच आहे.

एकच औषध का नाही? गंमत अशी, की प्रयोगशाळेतल्या बशीत एकेक औषध या जंतूला छान मारतं. पण बशीत महाभक्षी पेशी नसतात. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आत शिरतं आणि जंतूला रोखून धरतं, मात्र मारायला ते फारसं उत्साही नाही. स्ट्रेप्टोमायसिन मारतं, पण पेशीत नीट शिरत नाही आणि आम्लात मलूल पडतं. ते बाहेर फिरणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त करतं. रिफाम्पिसिन आत शिरतं आणि मारतंही. पण ते यकृताला असं कामाला लावतं की यकृत डॉक्सीसायक्लिनच लवकर निपटून टाकतं. जोडीदाराचीच ताकद कमी करतं म्हणायचं. कदाचित म्हणूनच इंजेक्शनवाल्या जोडीनंतर आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्यांच्या जोडीपेक्षा कमी दिसतं. तरी गावातल्या माणसाला रोज तालुक्याला इंजेक्शनसाठी जा म्हणणं सोपं नाही, आणि मूत्रपिंड किंवा कान नाजूक असले तर तेही जोखमीचं. गोळ्या घेणाऱ्याला एक सूचना आधी द्यावी लागते: लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ते रिफाम्पिसिनचं आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप जातो, दहाव्या दिवशी माणूस शेतात असतो, आणि गोळ्या उशाच्या डब्यात. इथेच बहुतेक उपचार हरतात. पूर्ण कोर्स घेऊनही दहांतल्या एखाद्याचा आजार उलटतो. अर्धा सोडणाऱ्यांचं विचारायलाच नको. उलटला म्हणजे जंतू औषधाला पुरून उरला असं सहसा नसतं. तो कुठल्यातरी पेशीत शांत बसला होता, एवढंच. बरेचदा तीच जोडी पुन्हा दिली की काम होतं. मणक्यात बसला असेल तर सहा आठवडे पुरत नाहीत, तीन महिने लागतात. हृदयाच्या झडपेवर बसला तर औषधांच्या जोडीने बहुधा शस्त्रक्रियाही लागते, आणि या आजाराने मरणाऱ्यांत झडपेचेच रुग्ण जास्त असतात. एकूण मृत्यू मात्र दोन टक्क्यांच्या आतले. लहान मुलांचे दात डॉक्सीसायक्लिनने डागाळतील म्हणून आठ वर्षांखालच्यांना बहुधा को-ट्रायमोक्सॅझोल आणि रिफाम्पिसिन देतात. आणखी एक काळजी आपल्याकडे महत्त्वाची: मणक्याचा आजार खरं तर क्षय असेल आणि आपण ब्रुसेलोसिस समजून डॉक्सी-रिफाम्पिसिन देत बसलो, तर क्षयाच्या जंतूला एकटं रिफाम्पिसिन मिळत राहतं आणि तो त्याला सरावतो. क्षयाच्या उपचारातलं मोहरं आपण फुकट घालवतो. म्हणून मणक्याच्या रुग्णात आधी खात्री, मग गोळ्या.

बरं झाल्याचं कळतं कशावरून? ताप नाही, दुखत नाही, वजन वाढतंय यावरून. नळ्यांवरून नाही. बरं झाल्यावरही प्रतिपिंडं महिनेच्या महिने, कधी वर्ष-दोन वर्षं रेंगाळतात. रिपोर्टमध्ये अजून १६० दिसतंय म्हणून धास्तावून पुन्हा औषधं सुरू करणारे रुग्ण असतात, आणि करून देणारे डॉक्टरही.

जगात दरवर्षी ५ लाख माणसांना हा आजार होतो असा जुना अंदाज वर्षानुवर्षं छापला गेला. अलीकडचे अंदाज १६ ते २१ लाखांकडे जातात. खरा बंदोबस्त गोठ्यातच होतो. पाश्चात्त्य देशांनी बाधित गुरं ओळखून मारली. आपल्याकडे ते होणार नाही, म्हणून भर लशीवर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे: चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ‘स्ट्रेन १९’ टोचायची. ही लस जन्मली ती विसराळूपणातून. अमेरिकेत जॉन बक याने १९२३ मध्ये जर्सी गायीच्या दुधातून एक जंतू वाढवला आणि तो प्रयोगशाळेत साध्या तापमानावर वर्षाहून जास्त काळ पडून राहिला. नंतर पाहिलं तर त्याचा जोम गेला होता, पण गायीच्या शरीराला लढायला शिकवण्याइतका तो शिल्लक होता.

जोम गेला तो गायीपुरता. लस जिवंत आहे, आणि उड्या मारणाऱ्या कालवडीला टोचताना सुई पशुवैद्याच्याच बोटात शिरली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर त्याला खराखुरा ब्रुसेलोसिस होऊ शकतो. आणि इथे निदान व उपचार यांचं सगळं गणित पुन्हा उलटतं. शेळ्यामेंढ्यांना काही देशांत देतात ती ‘रेव्ह १’ लस स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही. गुरांची दुसरी एक लस, ‘आरबी ५१’, रिफाम्पिसिनला दाद देत नाही. शिवाय तिच्या अंगावर नेहमीच्या चाचण्या जे आवरण ओळखतात तेच नसतं, त्यामुळे रोझ बेंगाल आणि नळ्या दोन्ही ठार कोऱ्या येतात. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये एका बाईला कच्च्या दुधातून हीच लस लागली होती. अशा वेळी रक्तातला जंतू वाढवून पाहण्यावाचून मार्ग नसतो. म्हणून सुई टोचलेल्या पशुवैद्याने जखम धुऊन थेट दवाखाना गाठावा, आणि निघताना लशीची बाटली खिशात टाकावी. लेबलवर कुठल्या स्ट्रेनचं नाव आहे, त्यावर डॉक्टर चिठ्ठीत कुठलं औषध लिहिणार नाही ते ठरतं.